पुराव्याचे वजन : ‘मायसिन’ प्रणालीच्या इतिहासावरून

पुराव्याचे वजन करावे, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते कोणत्या तराजूत करावयाचे, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. संगणकाच्या बाबतीत तो टाळता येत नाही. संगणकास नियम द्यावयाचा, तर त्या नियमाचे बळही अंकात सांगावे लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या ‘मायसिन’ या वैद्यकीय प्रणालीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचे पुढे काय झाले हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या इतिहासाची पूर्वपीठिका युद्धकाळातील आहे. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन आरमाराचे गुप्त संदेश उकलताना ॲलन ट्युरिंग यांनी प्रत्येक खुणेस एकच प्रश्न विचारला : आपले गृहीतक खरे असता ही खूण आढळण्याचा संभव, ते खोटे असतानाच्या संभवाच्या किती पट आहे? या पटीचा लॉगॅरिथम घेतला म्हणजे निरनिराळ्या खुणांची वजने बेरजेने एकत्र करता येतात. दहा पटीच्या वजनास ‘बॅन’ हे नाव पडले, ते या कामाचे कागद जेथे छापले जात त्या बॅनबरी गावावरून. ट्युरिंग यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी १९५० साली संभाव्यता व पुराव्याचे वजन या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु युद्धातील या कामाची हकीकत त्या वेळी उघड करता येण्याजोगी नव्हती.

एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ रचली ती रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान व औषधयोजना यांसाठी. तिचे ज्ञान ‘जर–तर’ स्वरूपाच्या काही शेकडा नियमांत मांडलेले होते. उदाहरणार्थ, जंतू ग्रॅम-पॉझिटिव्ह असून गोल आकाराचा असेल व साखळीने वाढत असेल, तर तो स्ट्रेप्टोकॉकस असल्याचा ०.७ इतका पुरावा मिळतो. हा ०.७ म्हणजे संभाव्यता मानावी काय? तसे मानल्यास तो जंतू स्ट्रेप्टोकॉकस नसल्याचा संभव ०.३ ठरतो, आणि हे मान्य करण्यास तज्ज्ञ वैद्य तयार नव्हते. जो पुरावा एका मताच्या बाजूचा, तोच विरुद्ध मतासही अंशतः आधार कसा देईल, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून शॉर्टलिफ व ब्रूस ब्युकॅनन यांनी १९७५ साली ‘निश्चितता-गुणक’ ही निराळी कल्पना मांडली. उणे एकपासून अधिक एकपर्यंत तिची व्याप्ती. दोन अनुकूल नियमांचे गुणक ०.६ व ०.५ असतील, तर दुसरा नियम पहिल्याने उरलेल्या ०.४ शंकेपैकी निम्मी शंका दूर करतो आणि एकूण गुणक ०.८ होतो.

या रीतीने संभाव्यतेच्या शास्त्राशी असलेला संबंध तुटला, असे वाटत होते. वस्तुतः तो तुटला नव्हता. १९७६ मध्ये ॲडम्स यांनी दाखविले की, या पद्धतीचा बराचसा भाग संभाव्यतेपासूनच निष्पन्न होतो. मात्र त्यासाठी पुरावे परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे गृहीत धरावे लागते. पुढे १९८६ मध्ये डेव्हिड हेकरमन यांनी गुणकाचा अर्थ त्याच जुन्या पटीच्या भाषेत लावला. वरील उदाहरणात ०.६ म्हणजे अडीच पट व ०.५ म्हणजे दुप्पट असा अर्थ घेतल्यास त्यांचा गुणाकार पाच येतो, आणि पाच पटीचा गुणक बरोबर ०.८ भरतो. म्हणजे नव्या वाटेने निघालेले संशोधक ट्युरिंग यांच्याच तराजूपाशी येऊन पोहोचले होते.

खरा दोष अंकांत नव्हता, तो स्वातंत्र्याच्या गृहीतकात होता. इतिहाससंशोधकांस ही अडचण चांगली परिचित आहे. दोन बखरी एकाच मूळ बखरीवरून उतरल्या असतील, तर त्या दोन साक्षी ठरत नाहीत. ‘मायसिन’च्या कर्त्यांसही याची जाणीव होती, परस्परसंबद्ध लक्षणे एकाच नियमात गोवावीत, अशी त्यांची सूचना होती. परंतु कोणती लक्षणे संबद्ध आहेत, हे नियमांच्या यादीत कोठेच लिहिलेले नसे. ते लिहिण्याची रीत पुढे रूढ झाली. ज्यूडिया पर्ल यांच्या १९८८ च्या ग्रंथात कोणते कारण कोणत्या कार्याशी जोडलेले आहे, याचे जाळेच ज्ञानाचा भाग म्हणून मांडले आहे.

मग ‘मायसिन’ फसली, असे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेनिंजायटिसच्या दहा रुग्णांसाठी तिने सुचविलेले उपचार परीक्षकांनी ६५ टक्के प्रसंगी ग्राह्य मानले. विद्यापीठातील पाच तज्ज्ञांच्या बाबतीत हेच प्रमाण ४२.५ ते ६२.५ टक्के होते. तरीही रुग्णालयाच्या नित्य व्यवहारात ती कधी आली नाही. तिचा स्थायी वारसा निराळा आहे. हा निष्कर्ष का काढला, असे विचारताच ती आपले नियम क्रमाने पुढे ठेवीत असे. आज संगणकाचे निर्णय माणसाच्या उपचारापर्यंत व उपजीविकेपर्यंत पोहोचले आहेत. आणि त्यांपैकी पुष्कळ निर्णयांची कारणे त्यांच्या कर्त्यांसही सांगता येत नाहीत. अशा वेळी ध्यानात ठेवावयाचे ते हे की, वजनाचा आकडा कितीही सूक्ष्म असला, तरी पारड्यात काय घातले आहे व तेच दोनदा तर घातलेले नाही ना, हे तपासता आले पाहिजे. ज्याची उलटतपासणी करता येत नाही, त्यास पुरावा म्हणता येत नाही.