गुलाबी आवरणाचा अल्बम

अमेरिकेतील वॉशिंग्टन डी.सी. शहरात १९८५ च्या सुमारास 'राइट्स ऑफ स्प्रिंग' आदी बॅण्डनी 'हार्डकोर' या पंक रॉकच्या अतिवेगवान, आक्रमक शाखेत खासगी दुःखाचा सूर मिसळला आणि पुढे 'इमो' म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीताचा पाया घातला. हा सूर देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलमध्ये, 'सनी डे रिअल इस्टेट' या बॅण्डने अधिक गेय आणि विस्तृत केला. त्यांचा पहिला अल्बम 'डायरी' १९९४ मध्ये 'सब पॉप' या, 'निर्वाणा' या बॅण्डचा पहिला अल्बम काढणाऱ्या, स्थानिक रेकॉर्ड कंपनीने प्रसिद्ध केला.

दुसरा अल्बम नोव्हेंबर १९९५ मध्ये दुकानांत आला, तेव्हा तो काढणारा बॅण्ड मोडलेला होता. गायक जेरेमी एनिक याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्यामुळे ही फूट पडली, असे सर्रास सांगितले जाते. मात्र एकच ठळक कारण सांगायला सोपे असते, म्हणूनही ते टिकले असावे. या मोडतोडीचे ठसे अल्बमवर जागोजागी दिसतात. आवरण कोऱ्या गुलाबी रंगाचे असून त्यावर चित्र नाही; काही गाण्यांचे शब्द अखेरपर्यंत पुरे झाले नाहीत आणि एनिकने तेथे अर्थाऐवजी नुसत्या ध्वनींवर भिस्त ठेवली; एका गाण्याचे नाव '८', तर दुसऱ्याचे '५/४', म्हणजे पाच मात्रांच्या तालाची पाश्चात्त्य संगीतलेखनातील खूण. सरावापुरती ठेवलेली कामचलाऊ नावे तशीच छापली गेल्यासारखी ती वाटतात. अल्बमला धड नावही नसल्याने कोणी त्याला 'एलपी टू', तर कोणी 'पिंक अल्बम' म्हणू लागले.

पुढच्या पिढीतील श्रोत्यांना या कोरेपणात बुद्धिपुरस्सर मौन आणि गूढता दिसली. तथापि ज्याला संयम म्हटले गेले, त्यात हात आवरते घेतलेल्या माणसांची उदासीनताच अधिक होती, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल. गाणी मात्र उदासीन नाहीत: दबक्या, संथ कडव्यातून एकाएकी उसळणारा गिटारींचा कल्लोळ आणि त्यावर चढत जाणारा एनिकचा चिरका, उंच आवाज येथे 'डायरी'पेक्षाही मोकळा वाटतो, आणि शब्द अस्फुट असल्यामुळे लक्ष त्या आवाजाच्या पोतावरच खिळते.

बॅण्ड मोडल्यावर त्यातील बासवादक नेट मेंडेल आणि ड्रमवादक विल्यम गोल्डस्मिथ 'निर्वाणा'च्या डेव्ह ग्रोलने उभारलेल्या 'फू फायटर्स' या बॅण्डमध्ये गेले. १९९७ मध्ये 'सनी डे रिअल इस्टेट' पुन्हा जुळला, पण मेंडेल 'फू फायटर्स'मध्येच राहिला; त्यामुळे मूळ चौघांचा एकत्रित असा पूर्ण अल्बम यानंतर निघाला नाही.