काडतुसें भरण्याचीं यंत्रें : कोणतें ठेवावें, कोणतें विकावें?

यवतमाळकडे ‘प्रेस’ म्हटलें कीं ऐकणारास रुईचे गठ्ठे दाबणारा कारखाना आठवतो. पुण्यामुंबईच्या वाचकास छापखाना आठवेल. या दोहोंहून निराळा असा एक तिसरा प्रेस आहे, आणि तो इतका लहान असतो कीं शेवयांच्या यंत्राशेजारीं ठेवला तर पाहुण्यास त्याचा संशयहि येऊं नये. मेजाच्या कडेला तो स्क्रूनें आवळावयाचा, एक मूठ फिरवावयाची किंवा एक दांडा खालीं ओढावयाचा, आणि एकदां उडवून रिकामें झालेलें काडतूस पुन्हां भरून तयार करावयाचें, एवढेंच त्याचें काम. शिकार कायद्यानें बंद झाल्यावर शिकारी घराण्यांतील हीं यंत्रें माळ्यावर गेलीं. आतां वाटण्या होत आहेत, जुने वाडे पाडले जात आहेत, आणि बंदुकीच्या रिकाम्या पेटीबरोबर हेंहि लोखंड बाहेर निघण्याचा संभव आहे. एकच असेल तर प्रश्न सोपा. पण आजोबांचें एक आणि वडिलांचें एक अशीं दोन निघालीं, म्हणजे कोणतें ठेवावयाचें व कोणतें काढून टाकावयाचें असा विचार घरांत सुरू होतो. किंमतीचा हिशेब मांडून तो एका संध्याकाळांत संपवितां येतो, आणि बहुधा तसाच तो संपतो. आम्हांस वाटतें कीं तत्पूर्वीं या यंत्रांचा पूर्ववृत्तांत थोडा पाहावा.

ठासणीच्या बंदुकीस, म्हणजे आमच्याकडे जिला भरमार म्हणतात तिला, अशा यंत्राची गरज नव्हती. दारू, बोळा, छर्रे, पुन्हां बोळा, असें नळीच्या तोंडांतून ओतून गजानें ठासलें कीं बार तयार. इ. स. १८०७ मध्यें अलेक्झांडर फोर्साइथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा बंदुकीसाठीं उपयोग पेटंट करून घेतला आणि त्यांतून पुढें तांब्याची टोपी निघाली, तरी ठासणें सुटलें नाहीं. दारू, टोपी व छर्रे हीं तिन्ही एका नळकांड्यांत बांधून तीं मागच्या बाजूनें बंदुकीत घालण्याची कल्पना फ्रान्समध्यें लफोशो यानें १८३० नंतर रूढ केली. आणि १८६६ च्या सुमारास इंग्लंडांत कर्नल बॉक्सर व अमेरिकेंत कर्नल बर्डन या दोघांनीं बुडाशीं मध्यभागीं टोपी बसविलेलें काडतूस आपापल्या रीतीनें पूर्णत्वास नेलें. या दोघांच्या टोप्यांत एक भेद आहे, आणि आमच्या विषयास तोच महत्त्वाचा. बॉक्सरच्या पद्धतींत काडतुसाच्या बुडाला मधोमध एकच भोंक असतें. आंतून सळई घातली कीं जळलेली टोपी सहज बाहेर पडते. बर्डनच्या पद्धतींत दोन बारीक भोंकें बाजूला असतात, त्यामुळें टोपी काढावयाची तर बाहेरून उचकटावी लागते. गंमत अशी कीं इंग्रजाची पद्धत अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची युरोपानें. विलायतेहून येणाऱ्या मोठ्या रायफलींच्या शिकारी काडतुसांपैकीं पुष्कळ बर्डन पद्धतीचीं असत, आणि म्हणून हिंदुस्थानांत रायफलीचें काडतूस घरीं भरणें हें प्रथमपासूनच कटकटीचें काम होऊन बसलें. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या काडतुसाचें तसें नव्हतें.

तें काडतूस म्हणजे पितळी बुडाचें जाड कागदाचें नळकांडें. त्यांत मापट्यानें दारू ओतावयाची, वर पुठ्ठ्याची व नमद्याची चकती दाबावयाची, मग छर्रे, मग पुन्हां पातळ चकती, आणि शेवटीं नळकांड्याची कड आंत वळवून बंद करावयाची. ही कड वळविण्यासाठीं जें मुठीचें यंत्र लागे तेंच जुन्या घरांतलें पहिलें यंत्र. त्यास फारशी शक्ति लागत नाहीं. शक्तीपेक्षां सवय लागते. कड कमी वळली तर छर्रे गळतात, जास्त वळली तर कागद फाटतो. काडतुसाच्या किंमतीचा मोठा भाग नळकांड्यांत असतो, आणि बार उडाल्यावर तें हातांतच राहतें. तेव्हां बंदरापासून शेंकडों मैल दूर असलेल्या आमच्या मुलखांत तें पुन्हां भरून वापरण्याचा मोह कोणास होणार नाहीं? मात्र कागदी नळकांडें पावसाळ्यांत फुगतें व नळींत अडकतें. पितळेचें अधिक टिकतें.

आतां कायद्याकडे येऊं. कारण आमच्या मतें या यंत्राचा खरा इतिहास कायद्याच्या पुस्तकांतच आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं झालेला हत्यारांचा कायदा सर्वांस ऐकून ठाऊक आहे, पण त्यांतली दारूगोळ्याची व्याख्या फारशी कोणी वाचीत नाहीं. ती मोठी वाचनीय आहे. गारगोटी, टोप्या, बंदुकींत घालावयाच्या चकत्या, दारूगोळ्याचे सर्व भाग, आणि दारूगोळा तयार करण्याचीं सर्व यंत्रें, हें सगळें ‘दारूगोळा’ या शब्दांत येतें असें ती सांगते. आणि लगेच पुढें म्हणते कीं शिसें, गंधक व सोरा हे मात्र त्यांत येत नाहींत! नमद्याची निरुपद्रवी चकती दारूगोळा ठरली आणि ज्यांची गोळी व दारू होते ते पदार्थ सुटले. वरवर पाहतां हा विनोद वाटेल. पण शिसें, गंधक व सोरा यांचा उपयोग शेंकडों धंद्यांत होतो, त्यांवर सरसकट बंधन घातलें असतें तर व्यापार अडला असता. टोपी, चकती आणि यंत्र यांचा दुसरा उपयोगच नाहीं. ज्यानें व्याख्या लिहिली त्याला काडतूस कसें भरतात तें नीट माहीत होतें, एवढें आम्ही त्याच्या पदरीं घालतों.

या कायद्याखालील नियमांत युरोपियनांस परवान्यांतून सूट होती. ही वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर नवे नियम झाले तेव्हां गेली. तोपर्यंत एकाच जंगलांत, एकाच डाकबंगल्याशेजारीं, साहेबाच्या मेजावरचें यंत्र हा त्याचा छंद होता आणि देशमुखाच्या मेजावरचें तेंच यंत्र ही परवान्याची बाब होती. सरकारची धास्ती कशाची होती हें समजण्यास अवघड नाहीं. दुकानांतून घेतलेल्या काडतुसाची नोंद दुकानदाराच्या वहींत होते. घरीं भरलेल्या काडतुसाची कोठेंच होत नाहीं. ही धास्ती पुढें इतकी वाढली कीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत .४५० मापाच्या रायफली व त्यांचीं काडतुसें हिंदुस्थानांत आणण्यास बंदी झाली, कारण तीं फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या उपयोगीं पडतील असें भय होतें. विलायतेच्या बंदूकवाल्यांनीं काय करावें? .४६५, .४७०, .४७५ अशीं थोडथोड्या फरकाचीं नवीं मापें काढून त्यांनीं तोच धंदा चालू ठेवला. ही मापें आजहि जगभर शिकारी लोकांत प्रसिद्ध आहेत, पण त्यांचा जन्म हिंदुस्थानच्या आयातबंदींतून झाला हें आमच्या इकडे थोड्यांस माहीत असेल.

वऱ्हाडची स्थिति आणखी चमत्कारिक. १८५३ पासून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं, पण नांवानें निजामाचा. १९०२ च्या कायमच्या पट्ट्यानंतरहि सार्वभौमत्व कागदावर निजामाचेंच. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानांतले कायदे येथें स्वतंत्र हुकुमानें लागू करावे लागत. वणी जिल्हा म्हणून ज्यास म्हणत तो १९०५ मध्यें पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा झाला. पैनगंगा ओलांडली कीं निजामाचें खास राज्य, तेथील नियम निराळे. आणि जनावरें नदी ओलांडतांना नियम पाहत नसत. याच जिल्ह्यांत १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळ बापूजी अण्यांनीं राखीव जंगलांतील गवत कापून सत्याग्रह केला. गवतालाहि परवाना आणि टोपीलाहि परवाना, अशा काळांत हीं यंत्रें वापरलीं जात होतीं. पुढच्याच वर्षीं कराचीच्या काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. स्वराज्यांतील घटनेंत मात्र तो आला नाहीं, आणि आमच्या मतें तें बरेंच झालें.

दुसरें यंत्र निराळ्या जातीचें. रायफलीचें काडतूस सबंध पितळेचें. बार होतांच तें फुगतें, आणि तें पुन्हां मूळ मापावर आणण्यासाठीं पोलादी सांच्यांत जोरानें दाबावें लागतें. येथें मूठ पुरत नाहीं, लांब दांड्याची तरफ लागते. अमेरिकेंत जॉन बार्लो यानें १८८४ मध्यें आयडियल कंपनी काढून चिमट्यासारखीं हातयंत्रें विकलीं. १९४३ सालीं कॅलिफोर्नियांत फ्रेड हंटिंग्टन यानें आरसीबीएस ही पेढी सुरू केली. १९४९ मध्यें जॉइस हॉर्नडी, १९५८ मध्यें रिचर्ड ली, असे एकामागून एक लोक आले. तिकडे शिकार व नेमबाजी हा घरोघरचा खेळ, पितळेचें नळकांडें वारंवार वापरण्याजोगें, आणि टोप्या दुकानांत मिळतात. तेव्हां तेथील गृहस्थ कोणता प्रेस ठेवावा याचा विचार आपल्याकडे मोटारीचा करतात तसा करतो. एका ओढीस एक क्रिया करणारा साधा प्रेस ठेवावा, कीं फिरत्या माथ्याचा, कीं प्रत्येक ओढीस एक काडतूस पुरें करून देणारा? आमच्याकडे हा वाद उपजलाच नाहीं. १८६९ पासून खडकीस दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता, आणि स्वातंत्र्यानंतर नागरी काडतुसेंहि सरकारी कारखान्यांतून येऊं लागलीं. टोप्या मात्र मिळेनात. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला, आणि १९७२ मध्यें वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. यंत्रें होतीं तेथेंच थांबलीं.

ठेवण्याविकण्याचा प्रश्न आहे त्यांनीं एक गोष्ट आधीं जाणावी. १८७८ च्या व्याख्येंतील यंत्र १९५९ च्या कायद्यानेंहि सोडलेलें नाहीं: दारूगोळ्याचे भाग व तो करण्याचीं यंत्रें हीं दारूगोळाच होत असें तो म्हणतो. तेव्हां माळ्यावरचें लोखंड भंगारवाल्याच्या तराजूंत टाकणें हा साधा व्यवहार नव्हे. परवानाधारक वारल्यावर किंवा परवाना संपल्यावर ज्या वस्तूंचा ताबा कायदेशीर राहिला नाहीं त्या पोलीस ठाण्यांत अगर परवानेवाल्या व्यापाऱ्याकडे जमा कराव्या असें कलम २१ सांगतें. कलम ४५ मोडक्या, दुरुस्त होऊनहि न चालणाऱ्या जुन्या हत्यारांस आणि वापरण्याचा हेतु नसलेल्या किरकोळ भागांस सूट देतें. यंत्र किरकोळ भागांत बसतें असें धरून चालणें धाडसाचें आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करून मगच पाऊल टाकावें. जुन्या टोप्या व दारू डब्यांत निघाल्या तर त्या मुळींच ठेवूं नयेत, ठोकूं नयेत, उन्हांतहि टाकूं नयेत, पोलिसांस कळवावें.

हें सारें पार पडल्यावर आमचें मत विचाराल तर, तरफेचें यंत्र द्यावें, आणि मुठीचें ठेवावें. बाजाराचा हिशेब याच्या नेमका उलट आहे हें आम्ही जाणतों. तरफेचा प्रेस जड, सुबक, नांवाजलेल्या कारखान्याचा. योग्य परवाना असलेला नेमबाज त्यास चांगली किंमत देईल. पण तसे हजारों झाले, आजहि होतात, त्यांचीं वर्णनें छापलेलीं आहेत; एक गेला तर इतिहासाचें कांहीं जात नाहीं. फक्त त्याचे सांचे पाहून घ्यावे. .४७० सारख्या मापाचा सांचा असेल तर तो त्या बंदीच्या काळाचा धागा आहे, तो प्रेसबरोबर न जाऊं देण्याची परवानगी मिळते का पाहावें.

मुठीच्या यंत्रास मात्र लोखंडाच्या भावापलीकडे किंमत नाहीं. १९६० नंतर प्लास्टिकचीं नळकांडीं आलीं, त्यांची कड बहुधा दुमडतात, वळवीत नाहींत. त्यामुळें कागद वळविणारें यंत्र निरुपयोगी झालें. तरी घराची हकीकत तेंच सांगतें. त्याच्याबरोबरचें मापटें कोणत्या खुणेवर घासून गुळगुळीत झालें आहे तें पाहावें. उरलेले छर्रे बारीक आहेत कीं मोठे, गोळी ओतण्याचा सांचा आहे कीं नाहीं, तेंहि पाहावें. बारीक छर्रे असतील तर घर तितर-लाव्यांवर जगलें. मोठे छर्रे व गोळी असेल तर रात्रीं मचाणावर बसून रानडुकरें व रोही हांकललीं. भिंतीवरचें वाघाचें मुंडकें एका दिवसाचें असतें आणि त्याचा फोटोहि काढलेला असतो. मापट्यावरची झीज वर्षानुवर्षांची. गॅझेटियरांत साहेबांचे वाघ मोजलेले सांपडतील, पण ज्वारीच्या राखणीचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. कायद्यानें तो अजून अप्रत्यक्षपणें मान्य केला आहे: शेताच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक, असा शब्दप्रयोग आजच्या कायद्याच्या कलम १३ मध्यें आहे.

कोणी म्हणेल कीं शिकारीची आठवण जपण्याजोगी आहे काय? टिपेश्वरचें जंगल १९९७ मध्यें अभयारण्य झालें. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं याच जिल्ह्यांत ‘अवनी’ वाघीण मारली गेली, तेव्हां १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर असूनहि देशभर हळहळ व वाद झाला. ज्यांच्या आजोबांनीं काडतुसें भरलीं त्यांचींच नातवंडें त्या वादांत वाघिणीच्या बाजूनें बोललीं असतील. तसें असेल तर यंत्र दाखविण्यासारखें अधिकच आहे. अभिमानासाठीं तें ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. घरीं ठेवणें जड वाटत असेल तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयास, १८६३ पासूनच्या अजब बंगल्यास, विचारून पाहावें. तेथें शस्त्रांचें दालन आहे. तरवारींच्या गर्दींत मुठीचें हें यंत्र कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं, पण विचारावें.

देतांना किंवा ठेवतांना एक कागद सोबत बांधावा: बंदूक किती बोअरची, परवाना कोणत्या सालचा, यंत्र कोणी वापरलें, गांव कोणतें. आणि परवान्याचें जुनें पुस्तक सांपडलें तर यंत्र गेलें तरी तें घरींच राहूं द्यावें. त्यांत विकत घेतलेल्या काडतुसांच्या नोंदी असतात. रद्दींत त्याचें वजन पाव शेरहि भरणार नाहीं.