सिकलसेल : बालरुग्ण विभाग सोडताना

बाभुळगाव (प्रतिनिधी) : विदर्भात सिकलसेलचे निदान बहुधा बालपणीच होते. वारंवार येणारा ताप, फिकट चेहरा, हातापायांच्या बोटांना आलेली दुखरी सूज ही त्याची सुरुवातीची लक्षणे असल्याने हा आजार बालरोगतज्ज्ञांचा, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात तो आनुवंशिक असून जन्मभर सोबत राहतो. वय वाढल्यावर बदलतो तो रुग्णालयातील विभाग, आणि हा बदलच जोखमीचा ठरतो. अमेरिकेतील डल्लास येथील रुग्णांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांमुळे ९० टक्क्यांहून अधिक मुले १८ वर्षे पार करतात. मात्र अलीकडचे बहुतेक मृत्यू त्यानंतर, प्रौढ विभागात गेल्यावर थोड्याच काळात झाल्याचे त्यात आढळले.

यवतमाळ-धामणगाव मार्गावरील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी हा बदल आणखी कठीण आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन तपासणी करते. या कार्यक्रमाची मर्यादा १८ वर्षांची आहे. पुढे रुग्णालाच यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन विभागाची ओपीडी गाठावी लागते. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. दुखत नसेल, तर कापूस वेचणीच्या हंगामात ही फेरी टळणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

लहानपणी मुख्य भीती असते ती जंतुसंसर्गाची, पानथरीत अचानक रक्त साठण्याची आणि मेंदूच्या पक्षाघाताची. तरुणपणी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, मूत्रपिंडे, डोळ्यांचा पडदा आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होऊ लागतो. यातील बरेचसे नुकसान आरंभी दुखत नाही. म्हणूनच लघवीतील प्रथिने आणि डोळ्यांचा पडदा यांची ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाचेही तसेच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी कमी मात्रेतील हे औषध मुलांमध्ये वेदनेचे झटके घटवते, हे २०१२ मध्ये दाखवून दिले. परंतु ते रोज घ्यावे लागते, आणि अधूनमधून रक्तपेशींची मोजणी करावी लागते. अपत्याचा विचार सुरू झाल्यावर, स्त्री असो वा पुरुष, ते चालू ठेवावे की थांबवावे हे आधी डॉक्टरांना विचारायला हवे. बालरुग्ण विभागात हा प्रश्न निघतच नाही.

विवाहाचे गणित साधे आहे. रुग्णाचा जोडीदार वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्के. जोडीदार सिकलसेलमुक्त असल्यास अपत्ये वाहक असतात, रुग्ण नव्हे. गर्भारपण मात्र रुग्ण स्त्रीसाठी सुरुवातीपासूनच जोखमीचे असते.

आजवर आईच्या पिशवीत राहिलेली फाइल कधीतरी मुलाच्या हाती यावी लागते. तज्ज्ञांच्या मते ही तयारी १२-१३ व्या वर्षापासूनच व्हावी. हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारा अहवाल, रक्तगट, आतापर्यंत किती वेळा रक्त दिले, औषधांची मात्रा, लसीकरण, झटक्याच्या वेळी कोणते वेदनाशामक लागू पडते, एवढे एका कागदावर असले तरी पुष्कळ. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या वैदर्भीय तरुणाला हा कागद अधिकच उपयोगी. तेथील कॅज्युअल्टीत सिकलसेलचा रुग्ण क्वचितच येतो. वेदनेने तळमळणाऱ्या, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाकडे तेथे संशयानेही पाहिले जाऊ शकते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. त्यामुळे शाळेत तपासणी हुकलेल्या तरुणांनाही आता निदान करून घेता येते.