यवनकथांचा मराठी प्रवास

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. ही म्हण मूळची ग्रीक आहे, याचे स्मरण मात्र क्वचितच कोणाला होते. परकी कथा एखाद्या भाषेत किती खोल मुरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आज शिवाजीनगरातील विद्यार्थी हर्क्युलस, झ्यूस, हेडीस ही नावे सहज उच्चारतात. ती त्यांना भेटली आहेत सचेतपटांतून आणि त्या चित्रपटांवर बेतलेल्या इंग्रजी कुमार-कादंबऱ्यांतून. या नव्या वाचनाकडे पाहताना जुन्या प्रवासाचा मागोवा घेणे उद्बोधक ठरेल.

ग्रीकांना आपल्या पूर्वजांनी ‘यवन’ म्हटले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आजही वाचता येतात. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी येथे समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. मूर्ती आली, पण तिच्यासोबत पोसायडनची कथा काही आपल्याकडे रुजली नाही. व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून मूर्ती येऊ शकते. कथेला मात्र ती आपल्या भाषेत सांगणारा माणूस लागतो.

असा माणूस मराठीला लाभला तो दक्षिणेत, आणि त्या घटनेचा धागा बेंगळुरूपर्यंत येतो. १६३८ नंतर बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर झाली. त्यांच्या दरबारी अनेक भाषांतील कवींना आश्रय होता, हे जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी येथूनच पुढे तंजावरला गेले आणि त्यांनी तेथे मराठी राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी यांनी देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत आणविल्या. याच दशकात, १८०९ मध्ये, बेंगळुरूची छावणी वसू लागली. आजचे शिवाजीनगर हा त्या छावणीचाच एक भाग होय.

पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांची इसापनीती मुंबईत प्रसिद्ध झाली आणि शाळाशाळांतून पोहोचली. ‘नीती’ हा शब्द जोडला जाताच इसाप पंचतंत्र-हितोपदेशाच्या पंक्तीला येऊन बसला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्ये सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिले. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीसच्या शोकांतिकेचे ‘राजा ओयदिपौस’ केले. इसापाखेरीज बाकीचे हे धन मुख्यतः प्रौढ वाचकांसाठी होते. देवदेवतांच्या आणि वीरांच्या कथा कुमारांच्या हाती देण्याचे काम त्या मानाने थोडेच झाले. ती जागा चित्रपटाने भरून काढली.

१९९७ मध्ये डिस्नेचा ‘हर्क्युलस’ हा सचेतपट आला. मूळ ग्रीक कथेत नायकाचे नाव हेराक्लीस. हर्क्युलस हे त्याचे रोमन रूप. तो झ्यूस आणि मर्त्य स्त्री अल्कमीनी यांचा पुत्र. सवतीमत्सराने पेटलेली हेरा त्याचा जन्मभर छळ करते. तिने पाठविलेल्या उन्मादाच्या भरात तो स्वतःच्या मुलांची हत्या करतो. चित्रपटात हीच हेरा त्याची प्रेमळ जन्मदात्री होते, पाताळाचा अधिपती हेडीस खलनायक ठरतो, आणि मुलांच्या हत्येचा मागमूसही उरत नाही. २०२१ मध्ये जेन कॅलोनिटा यांनी ‘गो द डिस्टन्स’ ही कुमार-कादंबरी लिहिली ती या चित्रपटाच्या कथेवर. तिच्या केंद्रस्थानी हर्क्युलस नाही, तर त्याची प्रिया मेग आहे.

म्हणजे कादंबरी ही चित्रपटाची छाया, आणि चित्रपट पुराणकथेची. हा भ्रष्टाकार म्हणावा काय? इतिहास तसे सांगत नाही. परंपरेत हेराक्लीसची बारा साहसे ही मुलांच्या हत्येचे प्रायश्चित्त मानली जातात. इ. स. पूर्व पाचव्या शतकात युरिपिडीसने नाटक लिहिताना हा क्रमच उलटविला: त्याचा नायक सारी साहसे पार पाडून घरी परततो आणि मग त्याच्यावर उन्मादाचा घाला पडतो. एवढ्या एका बदलाने त्या कथेचा अर्थ पालटला. मराठी वाचकाला ही रीत अपरिचित नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलू लागला, त्याची पत्नी वृषालीही बोलू लागली, त्याने महाभारत उणे झाले नाही. मेगला वाणी देणारी कादंबरी याच कुळातील आहे.

अंतर आहे ते अन्यत्र. ‘मृत्युंजय’ हाती घेणाऱ्याच्या कानावर आजीने सांगितलेले महाभारत आधीच पडलेले असते. म्हणून लेखकाने काय बदलले, हे तो पानोपानी ओळखतो. मेगची कथा वाचणाऱ्या मुलाला बहुधा चित्रपट हेच मूळ वाटते. हेराला चित्रपटात प्रेमळ का व्हावे लागले, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवतच नाही. आणि प्रश्न उद्भवला नाही, तर वाचन करमणुकीपाशीच थांबते. शिवाय हे सारे तो इंग्रजीत वाचतो. घराबाहेर कन्नड, तमिळ, उर्दू कानी पडणाऱ्या या वस्तीत मराठी केवळ घरगुती बोलण्यापुरती उरली, तर राग, मत्सर, प्रायश्चित्त, नियती या गोष्टींविषयी विचार करण्याची भाषा म्हणून ती मुलांना परकी होईल. धोका ग्रीक कथांपासून नाही. त्या मराठीत सांगता येणार नाहीत अशी मुलांची समजूत होणे, हा खरा धोका आहे.

त्यावर उपाय जुनाच आहे. तंजावरात जे झाले, ते लहान प्रमाणात प्रत्येक घरी होऊ शकते. मुलाने वाचलेली कादंबरी त्याच्याकडून मराठीत ऐकावी. ‘मूळ कथेत असेच होते का?’ असे विचारावे. आणि शेजारी कर्णाची, नहुषाची, ययातीची कथा ठेवावी. हीरकमहोत्सवी वर्षात शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ग्रंथालयाला भेट द्यावयाची झाल्यास मूळ कथा, तिचे रूपांतर आणि तिच्या जवळची आपली कथा अशी तीन पुस्तके एकत्र द्यावीत. दोन शतकांपूर्वी दक्षिणेतल्याच मराठीने इसापाला आपलेसे केले. हेराक्लीसही तिला जड जाण्याचे कारण नाही.