मातीचें धरण व त्याची वर्गवारी

धरण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें भंडारदऱ्याच्या दगडी भिंतीसारखें कांहींतरी उभें राहतें. अमेरिकेंतील ओक्लाहोमा प्रांतांत वॉशिटा नदीच्या खोऱ्यांत मात्र शेंकडों धरणें अशीं आहेत कीं, वाटसरूस तीं गवतानें झांकलेलीं टेकाडें वाटावींत. त्यांचा इतिहास लहान आहे. तथापि, आमच्या मतें, तो मोठ्या धरणांच्या इतिहासाहून कमी विचार करावयास लावणारा नाहीं.

१९३४ च्या एप्रिल महिन्यांत हॅमन गांवाजवळ ह्या नदीच्या पुरानें १७ माणसें बळी घेतलीं. पूर नदींत दिसतो, पण जन्मतो ओढ्यांत. तेव्हां त्यास ओढ्यांतच अडवावें, हा विचार तेथील मृदसंधारण खात्यानें उचलला. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानें त्यास मंजुरी मिळाली, आणि १९४८ च्या जुलैंत कॉर्डेलजवळ क्लाउड क्रीक ह्या ओढ्यावर असलें पहिलें धरण पुरें झालें. १९५४ च्या कायद्यानें ही योजना देशभर पसरली. आज अशीं धरणें जवळजवळ १२,००० आहेत.

रचना साधी असते. दाबून बसविलेल्या मातीचा बांध, त्याच्या पोटांतून गेलेला नळ, व नळाच्या तोंडाशीं जलाशयांत उभारलेला काँक्रीटचा मनोरा. पुराचें पाणी मनोऱ्याच्या तोंडापर्यंत चढलें कीं नळावाटे संथपणें, कित्येक दिवस, खालीं उतरत राहतें. त्याहून मोठा पूर आल्यास बाजूच्या गवताळ सांडव्यानें तो वाट काढतो. बांधाच्या माथ्यावरून मात्र पाणी जाऊं द्यावयाचें नाहीं. तें माती कापीत कापीत सारा बांध गिळून टाकतें. १९६१ च्या जुलैंत पानशेतच्या अपुऱ्या राहिलेल्या मातीच्या धरणाचें काय झालें, हें पुणेंकरांस निराळें सांगावयास नको.

बांधतांनाच प्रत्येक धरणास एक वर्ग दिला जाई. फुटल्यास केवळ शेती व कच्चे रस्ते बुडतील, तर संभाव्य हानि अल्प. तुरळक घरांस वा हमरस्त्यांस उपद्रव होईल, तर मध्यम. मनुष्यहानि संभवेल, तर उच्च. येथेंच सामान्य माणसाची गफलत होते. ‘उच्च’ म्हणजे धरण कच्चें, असा तो अर्थ घेतो. वस्तुतः बांधाच्या बळकटीविषयीं हा वर्ग एक अक्षरहि बोलत नाहीं. बांधाखालीं कोण राहतें, एवढेंच तो सांगतो.

ह्यांतून चमत्कारिक प्रकार घडला. शेतांवर बांधलेल्या धरणानें पूर थांबविला. पूर थांबला म्हणून ओढ्याकांठची जमीन घरांस योग्य दिसूं लागली. घरें झालीं, आणि बांधाचें एक ढेंकूळहि न हलतां धरण अल्पाच्या वर्गांतून उच्चाच्या वर्गांत गेलें! धरणाची राखण करणाऱ्या स्थानिक मंडळास त्या घरांना मनाई करण्याचा बहुधा अधिकार नव्हता. वाढलेला बोजा मात्र त्याच्या माथीं आला. कारण उच्च वर्गांतील धरणाचा सांडवा संभवनीय अशा सर्वांत मोठ्या पर्जन्यास पुरला पाहिजे, आणि शेताच्या मापानें कोरलेला सांडवा त्यास कोठून पुरणार?

१९७२ त बफेलो क्रीक येथें कोळशाच्या खाणीचा गाळ अडविणारा बांध फुटून १२५ माणसें दगावलीं, व त्याच वर्षीं धरणांच्या तपासणीचा कायदा झाला. १९७७ त जॉर्जियांत केली बार्न्स हें लहानसें मातीचें धरण रात्रीं फुटलें, तेव्हां ३९ जीव गेले. मगच खाजगी धरणांपैकीं उच्च वर्गांतील धरणें खरोखर तपासावयास माणसें निघालीं. असो.

इकडे ओढ्यांवरील धरणांचें वयहि होत आलें. पुष्कळांचें आयुष्य ५० वर्षें धरलेलें, आणि जलाशयांत गाळ सांचलेला. २००० सालीं त्यांच्या पुनरुज्जीवनाचा कायदा झाला. त्यान्वयें बांध उंच करावा, सांडवा रुंद करावा, किंवा धरण मोडून काढावें, अशा वाटा मोकळ्या झाल्या. शेवटची वाट घेणारे थोडे. कारण धरण मोडलें कीं खालच्या घरांस जुना पूर पुन्हां भेटावयास येतो.