बैठे खेळ : वय आणि खरेदी (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर)

पट, सोंगट्या, पत्ते वा चिठ्ठ्या घेऊन एका जागी बसून खेळावयाच्या खेळांच्या साहित्याची निवड व खरेदी वयोमानानुसार कशी पालटते, याचा ठाणे जिल्ह्यातील या तीन नगरांपुरता विचार. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून (१९७४) अमेरिकेत जो भूमिकाप्रधान खेळ रूढ झाला, त्याच्या ग्राहकांची विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००० मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी १२ ते ३५ वर्षे वयाच्या मर्यादेतच केलेली असल्यामुळे, ज्या वयात पैसा हाती असतो परंतु सवंगडी जमत नाहीत, त्या वयाविषयी तीतून काहीच निष्पन्न होत नाही.

बाल्य : भूमिका घेऊन खेळण्याचा खरा काळ हाच; परंतु राजा, प्रधान, शिपाई व चोर यांच्या चिठ्ठ्या वहीच्या पाठकोऱ्या पानातून फाडल्या जात असल्याने दुकानदाराच्या पदरी त्यातून काही पडत नाही. सापशिडी, ल्यूडो, ‘नवा व्यापार’ हे पट मुख्यतः मे महिन्याच्या सुटीत घेतले जातात. पसंती मुलाची, घासाघीस आईची आणि रक्कम वडिलांची, असा उल्हासनगरच्या बाजारातील सर्वसाधारण रिवाज आहे. पत्त्यांत या वयाचे डाव भिकार-सावकार व गुलामचोर.

तारुण्य : कॅरम; बोर्ड मंडळाचा, पावडर वर्गणीची, स्ट्रायकर मात्र ज्याचा त्याचा.

प्रौढ वय : मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवरील बदलापूरहून, तसेच अंबरनाथहून, नित्य जा-ये करणाऱ्या नोकरदारांनी लोकलच्या डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर बसून, गुडघ्यांवर आडव्या धरलेल्या ब्रीफकेसवर जो पत्त्यांचा अड्डा चालविला, तो या प्रदेशातील प्रौढांचा प्रमुख बैठा खेळ मानण्यास प्रत्यवाय नसावा. मेंढीकोट वा रमी, एवढ्यावर भागते. पत्त्यांचा कॅट आळीपाळीने आणला जातो आणि चिवट प्लॅस्टिकचा असल्यास किमतीची तक्रार होत नाही. स्वतःच्या मिळकतीचा धनी झालेला हा खेळाडू स्वतःसाठी एवढेच घेतो. उरलेली खरेदी मुलांच्या नावे पडते.

वार्धक्य : जुना कॅट झिजेपर्यंत नवा घेतला जात नाही.

कायदा : महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ याच्या कलम १३ अन्वये निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट आहे. रमीत कौशल्याचाच अंश प्रधान असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या प्रकरणी १९६७ मध्ये दिला. तीन पत्तीच्या खेळास मात्र त्याच निकालात केवळ दैवाधीन ठरविले, आणि जागेचा मालक खेळापासून नफा उपटीत असल्यास गुन्हा घडू शकतो, ही पुस्तीही जोडली. डब्यातील डाव बिनपैशाचे असतात, असे बहुधा सांगितले जाते.