बाळाचें पांघरूण : एका लहान दानाचा इतिहास

आपल्या धर्मग्रामाच्या या सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तिकेंत मंदिराच्या भिंती, वेदी, घंटा आणि पूर्वींचे धर्मगुरू यांचा वृत्तांत इतरांनीं लिहिलाच आहे. आम्हांस मात्र एका फार लहान वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे. आपल्या मातृसंघाच्या भगिनी दर बुधवारीं जपमाळेनंतर एकत्र बसून क्रोशाच्या सुईनें जें विणतात आणि गरीब घरच्या नव्या आईस देतात, तें बाळाचें पांघरूण ही ती वस्तु होय. महोत्सवाच्या जमाखर्चांत या कामास एक ओळहि मिळावयाची नाहीं. परंतु ज्या परंपरेंत तें बसतें, ती आपल्या मंदिराहून पुष्कळ जुनी आहे.

शुभवर्तमानकार संत लूक यानें प्रभूच्या जन्माची हकीकत लिहितांना थाटामाटाचें वर्णन केलें नाहीं. मरियामातेनें आपल्या बाळास वस्त्रांत गुंडाळून गव्हाणींत निजविलें, एवढेंच सांगितलें. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरींतील टबीथा नामक शिष्येची कथा आहे. ती मरण पावली तेव्हां गांवच्या विधवा रडत रडत, तिनें आपणांसाठीं शिवलेलीं वस्त्रें संत पेत्राला दाखवूं लागल्या. तिच्या पुण्याईची साक्ष तिच्या हातच्या टांक्यांनीं दिली.

पुढें फ्रान्स देशांत संत व्हिन्सेंट डी पॉल यांनीं संत लुईज द मारियाक यांच्या साहाय्यानें 1633 सालीं दयेच्या कन्यांचा संघ स्थापिला, आणि 1638 पासून पॅरिस शहरांत टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळ हातीं घेतला. टाकलेलें मूल सांभाळणें हें पुण्यकर्म खरें; परंतु तें टाकण्याची पाळीच आईवर येऊं नये, हा विचार 1788 सालीं त्याच शहरांत मादाम फुझरे या बाईंनीं अमलांत आणिला. त्यांची मातृसाहाय्य मंडळी गरीब बाळंतिणीला बाळाचे कपडे आणि थोडें द्रव्य देत असे. राणी मारी आंत्वानेत हिचा तीस आश्रय होता. राज्यक्रांतीच्या वादळांत ती विस्कटली, आणि 1810 सालीं नेपोलियन बादशहानें तिला पुन्हां राजाश्रय दिला. या मंडळीचें कार्य मोठें. पण तिचा एक नियम ध्यानांत ठेवावा. मदत मिळे ती विवाहित मातांनाच. या नियमाकडे आम्ही पुढें वळणार आहों.

आतां सुईविषयीं. क्रोशा हा फ्रेंच भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ लहान आकडी असा आहे. या आकडीची खरी कसोटी लागली ती आयर्लंडांत. 1845 सालीं तेथें बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें 10 लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं. तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. त्या काळांत कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठवासिनींनीं गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकविली. 1847 सालीं क्लोन्स गांवीं कॅसांड्रा हँड या बाईंनीं किल्डेर परगण्यांतून शिक्षिका आणवून हेंच काम सुरू केलें. या बाई तेथील प्रॉटेस्टंट पाळकाच्या पत्नी होत्या. दोन पंथांच्या स्त्रियांनीं एकाच दुःखावर एकच उपाय योजावा, हें आम्हांस मननीय वाटतें. व्हेनिसच्या धर्तीची सुईची लेस करण्यास फार दिवस लागत. क्रोशानें तसा नमुना थोडक्या वेळांत उतरे. एकीनें गुलाब विणावा, दुसरीनें पान, तिसरीनें सर्व जोडावें, अशी वांटणी होई. साधन काय, तर एक आकडी आणि दोरा. झोंपडींत चुलीपाशीं बसून पोटापुरतें मिळवितां येई.

आपल्या देशांतहि हें घडलें. 1897 सालीं बेल्जियमच्या मदर मारी लुईज द मेस्टर या तेव्हांच्या त्रावणकोर संस्थानांतील मुळगुमुडु येथें आल्या, आणि तेथील अनाथ मुलींना लेस व भरतकाम शिकविण्याचें कार्य त्यांनीं चालविलें. आज हें गांव तामिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यांत आहे. आणि आपल्या महाराष्ट्रांत तर क्रोशाची ओळख होण्यापूर्वींच आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी बाळासाठीं शिवण्याची रीति घरोघर होती.

या इतिहासापासून आम्हीं काय घ्यावें? आयर्लंडांत गरीब मुलीनें विणावें आणि श्रीमंत बाईनें मिरवावें, असा क्रम होता. आपल्या भगिनींनीं तो उलटा केला आहे. म्हणून उरलासुरला दोरा गरिबाला, ही वृत्ति येथें शोभणार नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत लोकरीपेक्षां मऊ सूत बरें. वीण घट्ट असावी, म्हणजे बाळाचीं बोटें छिद्रांत अडकणार नाहींत. आणि देण्यापूर्वीं पांघरूण धुवावें. नवजात बाळाला मोठ्या माणसाप्रमाणें कुडकुडून ऊब आणतां येत नाहीं, म्हणून त्याचें अंग लवकर गार पडतें. प्रथम त्याला कोरडें करून आईच्या उराशीं धरावें आणि दोघांवर पांघरूण घालावें. बाळ एकटें निजलें असतां मात्र सैल पांघरूण त्याच्या अंगावर ठेवूं नये. तें तोंडावर येण्याचा धोका असतो.

आतां त्या नियमाविषयीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, अशाच वाटपासाठीं आम्हीं एक वही घातली होती. तींत नांव, घर आणि विवाहाची नोंद लिहिल्यावांचून पांघरूण द्यावयाचें नाहीं, असा आमचा दंडक होता. डिसेंबरच्या एका सकाळीं एक तरुण मुलगी आठ-दहा दिवसांचें बाळ घेऊन आली. विवाहाच्या रकान्यापाशीं आम्हीं लेखणी थांबविली आणि वर पाहिलें. ती कांहीं न बोलतां निघून गेली. विणणाऱ्यांपैकीं एक वृद्ध बाई तेथेंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, थंडी कांहीं दाखला विचारीत नाहीं." त्या पांघरूण घेऊन मागोमाग धांवल्या, पण फाटकाबाहेर कोणी नव्हतें. ती मुलगी आम्हांस पुन्हां दिसली नाहीं. वही आम्हीं त्याच दिवशीं बंद केली. परंतु त्या बाळाला त्यामुळें ऊब मिळाली, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

महोत्सवानिमित्त कांहीं बंधूंनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, हीं पांघरुणें केवळ आपल्याच धर्मग्रामांतील कुटुंबांना द्यावीं काय? त्यांचा हेतु चांगला आहे, हें आम्ही जाणतों. आमचें उत्तर मात्र वरील हकीकतींत आहे. जी आई दाराशीं येईल तिला द्यावें, जी येऊं शकत नाहीं तिच्या दाराशीं जावें, आणि दोघींनाहि कांहीं विचारूं नये.

ज्या मरियामातेला प्रसूतीसाठीं उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, तीच या कार्यावर आपली कृपादृष्टि ठेवो, आणि विणणाऱ्या हातांना आयुरारोग्य देवो, हीच आमची प्रार्थना.